दोन जाळ्यांच्या मधातला कोंडा

रेडियटरचं काम मी लग्नानंतर शिकली. माहेरी रोवनी केली, धान कापलं, मोहफुलं येचली. लोखंडाशी संबंध इळ्यापुरता. शाळा चौथीपर्यंत. नवरा मिस्त्री भेटला. गोंदियाजवळ कुडव्याले रस्त्याच्या कडेले त्याचं टिनाचं दुकान होतं. एक पान्याचं टाकं, एक भट्टी, आन बाहेर टांगलेलं एक जुनं रेडियटर. तेच आमची पाटी. ट्रकवाले ते टांगलेलं पाहून थांबत.

ज्याले ठाऊक नाई त्याच्यासाठी सांगते. इंजन तापते, त्याच्या भोवताल पानी फिरते, ते पानी तापून समोरच्या जाळीत येते. जाळीत बारीक नळ्या राह्यते. समोरून वारा लागते, मागून पंखा ओढते, पानी थंड होऊन परत इंजनात जाते. एवढंच रेडियटर. नळी फुटली तं पानी गळते. जाळी बुजली तं वारा लागत नाई. दोनच रोग. आमच्या भागात बुजायचा रोग जास्त. गोंदियात जिकडं पाहा तिकडं राईस मिल. दिवाळी झाली का हवेत कोंडा उडते. वाळत घातलेल्या लुगड्यावर कोंडा, भाताच्या गंजात कोंडा, मंग गाडीच्या जाळीत नाई जानार तं कुठं जाईन.

नवऱ्याची पद्धत अशी. रेडियटर खोललं का पहिले कास्टिकच्या पान्यात उकळायचं. मंग मागच्या बाजूनं हवा मारायची. समोरून मारली का कोंडा आखीन आत बसते. मागून मारली का जिथून आला तिथून निघते. मंग टाक्यात बुडवून हवा भरायची, बुडबुडे जिथून आले तिथं खिळ्यानं खूण करायची, आन कैया, म्हंजे डाग द्यायचं लोखंड, तापवून कथलाची झाळ लावायची. पहिले मी फक्त धरत होती. मंग बुडबुडे पाहत होती. मंग वाकलं का त्याले दम लागे, तशी कैया माह्या हाती आली. बसवून शिकवलं असं नाई.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगून शिकवली. गाडीतून रेडियटर न काढता आत बुजलं का नाई ते कसं ओळखायचं. इंजन चालू ठेवायचं आन जाळीच्या समोर तेंदूचं पान धरायचं. माह्या घरी बिड्या वळायचं काम राहे, पानाचे तुकडे कुठंही पडलेले. पान जाळीले चिकटून राह्यलं तं तिथून वारा जाऊन राहिला. पान पडलं तं तिथं बुजलं हाये. डोळ्याले साफ दिसली तरी जाळी बुजलेली राह्यते, म्हने. डोळ्याचं ऐकू नको, पानाचं ऐक.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात तो गेला. झाळायच्या तेजाबाचा धूर वीस वर्षं छातीत घेतला, छाती गेली. विहारात वंदना झाली, लोक जेवले, गेले. चवथ्या दिवशी देर आला.

"वहिनी, दुकान काढून टाक. बाईमानसाचं काम होय का हे?"

"मंग कोनाचं होय?"

"मानसाचं."

"मानूस तं मेला. तू करतं का?"

तो उठून गेला. मी भट्टी पेटवली.

पहिल्या महिन्यात एक ट्रकवाला आला. उंच मानूस, डोक्याले गमछा. टांगलेल्या रेडियटरकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"मिस्त्री किधर है?"

"मैं ही है."

"अरे अम्मा, तुम रोटी बनाओ. रेडिएटर रहने दो."

"रोटी जल गई तो दूसरी बनती. तुम्हारा इंजन जल गया तो दूसरा है क्या?"

तो हसला. टायरवर बसला आन काम होयेपर्यंत माह्या हाताकडं पाहत राह्यला. जाताना म्हने, "पक्का है ना, अम्मा?" मी म्हनलं, "पक्का नहीं रहा तो वापस आके गाली दो." तो काई आला नाई वापस. मले कधीकधी वाटे, यावा. गाली द्यायले का होईना.

पोरगा एकच. बाप गेला तेव्हा शाळेत होता. आयटीआय केली आन पुन्याले निघून गेला. तिथं एका गॅरेजात लागला. ते गॅरेज काई साधं नव्हतं. हौशी लोक आपल्या चांगल्या चालत्या गाड्या तिथं नेऊन खोलवत आन आखीन जोरात पळवायले लावत. सहा वर्षं तो तिथं राह्यला. सनाले येत जाय. एक साल आला नाई.

ती सहा वर्षं कशी गेली ते सांगायसारखं नाई, कारन त्याच्यात काई झालंच नाई. सकाळी भट्टी, संध्याकाळी चूल. गिऱ्हाइक आलं का "क्या हुआ" आन "हो गया", एवढेच शब्द तोंडातून निघत. बाकी दिवस टाक्यातले बुडबुडे बोलत. शेजारची पोट्टी एकदा म्हने, "काकू, तू कोनाशी बोलून राहिली?" मी म्हनलं, "रेडियटरशी." तिले वाटलं मी मजाक करून राहिली.

मंग घरोघरी मोबाईल आले त्या साली पुन्याचं ते गॅरेज बंद झालं आन पोरगा परत आला. सोबत ट्रकमधी एक जुनी जीप, आन एका उलटलेल्या गाडीचं इंजन. ते इंजन तो जीपमधी बसवनार होता. दुकानासमोर त्यानं सगळं पसरवलं, आन मी टाक्याच्या काठावर बसून पाहत राह्यली. इतक्या वर्षांनी अंगनात पाय टाकायले जागा नव्हती. मले बरं वाटलं.

"माय, हे पाह्य. याले टर्बो म्हनते. इंजनातून जो धूर निघते ना, त्या धुराच्या जोरावर याच्यातला पंखा फिरते, आन इंजनात हवा कोंबते. हवा जास्त तं ताकद जास्त."

"कोंबलं का तापन."

"तापते ना. म्हनून हे." त्यानं अल्युमिनची एक जाळी उचलून दाखवली. आपल्या रेडियटरपेक्षा मोठ्या घरांची. "इंटरकूलर. टर्बोतून निघालेली गरम हवा याच्यातून थंड होते, मंग इंजनात जाते."

"म्हंजे हवेचं रेडियटर."

तो माह्याकडं पाहतच राह्यला. "मले हे समजायले महिना लागला होता माय."

"तू पुन्यात शिकला. मी टाक्यावर."

ज्या गाडीचं ते इंजन होतं तिच्यात ही हवेची जाळी इंजनाच्या डोक्यावर बसत होती. बोनटले भोक पाडून तिच्यासाठी वारा घेतला होता. जीपचं बोनट बसकं, तिथं ती मावेना. म्हनून पोरानं ती समोर बसवली, रेडियटरच्या नाकासमोर, आन रेडियटर मागं सरकवलं. दोन्ही जाळ्या एकमेकीले जवळजवळ टेकून, जशा एसटीत एका सीटवर तीन बाया. मधात एक बोट जागा राह्यली, तिच्या चारी कडा त्यानं रबराच्या पट्टीनं बुजवल्या.

"बापू, मागच्या जाळीले वारा कुठून भेटन?"

"समोरचीतून गाळून येईन ना. कडेनं पळू नये म्हनून तं रबर लावलं."

"समोरचीचा उष्टा वारा. गरम."

"थोडा गरम. त्याचा हिशोब केला हाये मी. पुन्यात अश्या किती गाड्या बसवल्या."

"पुन्यात," एवढंच म्हनलं मी.

"तुले काय म्हनायचं हाये ते सांग ना."

"काई नाई. भात थंड होऊन राहिला."

तेव्हा खरंच मले काई ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं, का चार बोटं जागा पाह्यजे होती.

जीप चालू झाली तेव्हा अर्धा कुडवा पाहायले आला. आवाज असा, जशी कोनी दूर शिटी वाजवते. पोरानं मागं ट्राली लावली आन राईस मिलमधून कोंड्याची पोती विटाच्या भट्ट्यांवर न्यायचं काम धरलं. मिलच्या मागं कोंडा पाईपातून उडून ढिगावर पडते, तिथं दहा पावलावरचा मानूस दिसत नाई. त्या धुक्यात जीप उभी करून तो पोती भरे. घरी ये तं भुवया पिवळ्या. मी म्हने, "आंघोळ कर पहिले, तू कोन होय ते समजू दे." असे पाच-सहा महिने गेले. सकाळी दोन डबे, संध्याकाळी दोन ताटं. दुकानात काम असो नसो, मी बडबड करत होती, आन तो बोनटमधी डोकं घालून "हो माय, हो माय" करे. ऐकत नव्हता, ते मले समजे. पन हो म्हनत होता.

एक दिवस रायपूरचा एक मानूस आला. गोंदियात त्याचे पाहुने होते. चहाच्या टपरीवर त्यानं जीपचा आवाज ऐकला आन तिथंच बोनट उघडायले लावलं. त्याचं रायपूरले मोठं गॅरेज होतं. हौसेनं जंगलात, चिखलात जीपा नेनारे लोक त्याच्याकडं येत. त्यानं पोराले विचारलं, कोनी बसवलं हे? पोरगा म्हने, मी. तो म्हने, "चलाके रायपूर ले आ. दरेकसा का चढ़ाव पानी उबले बिना चढ़ गई, तो मेरे यहाँ मिस्त्री बनके बैठ जा. रास्ते में उबल गई तो वहीं से वापस मुड़ जाना, मुझे मुँह मत दिखाना."

पोरगा त्या दिवशी जेवला नाई. आनंदानं. मीही जेवली नाई. रायपूर काई पुन्याएवढं दूर नाई, असं मी मनाले सांगतलं. मन म्हने, पुनंही पहिले दूर नव्हतं वाटलं.

पहिल्यांदा गेला तं दरेकसाच्या अर्ध्या चढावर पानी उकळलं. झाकनातून वाफ, काटा लाल रेघेवर. परत आला. थर्मोस्टॅट बदललं, पुन्हा गेला, त्याच जागी तेच. सपाट रस्त्यावर काई नाई, इथं कुडवा ते नागरा दहा चक्करा मार, काटा हालत नाई. चढ लागला, जोर लागला, का उकळलीच.

सोमवारी त्यानं जीप दुकानासमोर उभी केली, बोनट वर केलं, इंजन चालू ठेवलं आन काट्याकडं पाहत आत बसला. वर केलेलं बोनट आड येत होतं, म्हनून त्याले मी दिसत नव्हती. मी समोर गेली. खाली पडलेला तेंदूच्या पानाचा तुकडा उचलला, समोरच्या जाळीवर धरला आन सोडला. वरच्या कोपऱ्यात चिकटला. खालच्या कोपऱ्यात चिकटला. मधात धरला तं गळून पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. एवढ्या मोठ्या जाळीच्या मधात, परातीएवढ्या जागेत, वारा जातच नव्हता.

झाडूची एक काडी मोडली, रबराच्या पट्टीखालून दोन जाळ्यांच्या मधात घातली आन ओढून पाह्यली. काडीले तेलकट कोंडा आला, घोंगड्यासारखा दाबलेला.

तेव्हा सगळं समजलं. समोरच्या हवेच्या जाळीची घरं मोठी, तिच्यातून कोंडा आरपार जाते. मागच्या पान्याच्या जाळीची घरं बारीक, तिथं अडते. निघायले कडेले जागा नाई, कारन रबर. समोरून पाहा, साफ. मागून पाहा, साफ. कोंडा दोघींच्या मधात, जिथं कोनाचा डोळा जात नाई. पुन्यात हे कधी झालं नसन, कारन पुन्यात कोंड्याचे ढीग नाई. पोरगा इथं जन्मला, भुवयांवर कोंडा घेऊन रोज घरी येऊन राहिला, पन जाळ्या बसवल्या त्या पुन्याच्या हवेसाठी.

"माय," आतून त्याचा आवाज आला, "काय पाहून राहिली?"

माह्या हातात ती काडी होती.

"काई नाई," मी म्हनलं. "समोरून साफ हाये."

"मागूनही साफ हाये ना. तेच तं समजून नाई राहिलं."

मी काडी भट्टीत टाकली.

याच्यात मी खोटं काई बोलली नाई. समोरून साफच होती. पन मले ठाऊक हाये मी काय केलं ते.

त्याच्यानंतरचे अकरा दिवस. त्यानं पंखा बदलला. बोनटले भोकं पाडली. पान्याचा पंप खोलला, लावला. एका जान्यानं सांगतलं म्हनून इंजनाचं डोकं खोलून पाह्यलं. मी भाकर वाढत होती, पाना देत होती, दिवा धरायचा तिथं दिवा धरत होती. एकदा म्हने, "माय, तू एवढे रेडियटर पाह्यले, तुले काय वाटते?" मी म्हनलं, "तुह्या टर्बोचं मले काय समजते." त्यानं मान हालवली. त्याले ते पटलं, हेच मले लागलं.

आठव्या का नवव्या दिवशी रायपूरवरून फोन आला. त्यानं नाव पाह्यलं आन फोन वाजू दिला. वाजून वाजून बंद झाला. मंग म्हने, "जाऊ दे माय. मी इथंच राहतो. तुह्यासोबत दुकान चालवतो."

जे पाह्यजे होतं ते भेटलं. मी त्या दिवशी झिंग्याची भाजी केली, त्याले आवडते म्हनून. त्यानं खाल्ली. कशी झाली ते सांगतलं नाई, मीही विचारलं नाई.

दुसऱ्या दिवशी तो टाक्यावर बसला. एका ट्रॅक्टरचं रेडियटर होतं. त्याचा हात झाळ्याचा नाई, कथलाचे गोळे पडून राहिले. गिऱ्हाइक आलं का तो "क्या हुआ" म्हने. काम झालं का "हो गया" म्हने. बाकी दिवस चूप. त्याच्या तोंडातून माहेच ते शब्द निघून राहिले होते. हा पंचवीस वर्षांचा, आन माह्यासारखा बसून राहिला. दोन मानसं एका टिनाखाली, आन बोलनारे बुडबुडेच.

अकराव्या दिवशी सकाळी पाहते तं तो जीपच्या समोर मांडी घालून बसला आन टर्बोचे नट ढिले करून राहिला.

"काय करून राहिला बापू?"

"भंगारवाला येनार हाये. टर्बो आन इंटरकूलर काढून टाकतो. साधी जीप म्हनून कोनी नेईन तं नेईन."

तो नट हळूहळू फिरवून राहिला होता. लहानपनी बापाच्या तिरडीवरचं फूल उचललं होतं त्यानं, तसंच. मी पाहू शकली नाई.

"राहू दे ते," मी म्हनलं. "समोरचं रबर काढ."

"कायले?"

"काढ म्हनते ना."

त्यानं रबर ओढलं. समोरच्या जाळीचे चार बोल्ट खोलले, पाईप ढिले केले आन जाळी पुढं झुकवली. मागच्या जाळीवरून कोंड्याचा पापुद्रा सुटून त्याच्या मांडीवर पडला. बोटभर जाड, परातीएवढा. जाळीच्या घरांचे छापे त्याच्यावर उमटलेले. त्यानं तो दोन्ही हातानं उचलला. लय वेळ पाहत राह्यला.

"माय, तुले हे कधी समजलं?"

"त्या सोमवारी. मधात पान धरलं, गळून पडलं."

"म्हंजे... अकरा दिवस?"

"हो."

"काऊन माय?"

"तू जाशीन म्हनून."

तो उठला. पापुद्रा तसाच जमिनीवर ठेवला आन रस्त्यानं नागऱ्याकडं चालत गेला. मी भट्टीजवळ बसून राह्यली. एक गिऱ्हाइक आलं, त्याले मी हातानंच परत पाठवलं. मले वाटलं, जीप सोडून असाच पायी गेला असन कुठं. दुपार झाली तेव्हा आला. घामेजला होता. टाक्यातलं पानी तोंडावर मारलं आन माह्याकडं न पाहता म्हने,

"मंग आता कसं बसवायचं, सांग."

"रेडियटर होतं तिथंच राहू दे. समोरची चार बोटं पुढं घे. वरून खाली उलटी हवा मारायले हात गेला पाह्यजे."

"पुढं घेतली का कडेनं वारा पळते."

"कडेले पत्रा लाव, रबर नको. आन समोरचीले बोल्ट नको. एका बाजूनं कब्जे लाव, खिडकीले राह्यते तसे. दुसऱ्या बाजूनं खिट्टी. रोज संध्याकाळी उघडायची, मागून फुंकायचं, बंद करायची."

"पाईप?"

"रबराचे हायेत ना. वाकतीन."

त्यानं बोटानं कब्ज्याची जागा मोजून पाह्यली. मंग म्हने, "पुन्यात हे कोनी पाह्यलं तं हसन."

"हसू दे. त्याइले कोंडा कुठं ठाऊक हाये."

कब्जे मी दिले. घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीचे काढून. ती खिडकी तशीही उघडत नव्हती मी. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तो माह्याशी कामाचंच बोलला. पाना दे. इथं धर. वर कर. पन बोलला. झाळ मी लावली, पत्रा त्यानं कापला.

रविवारी सकाळी तो म्हने, "चल सोबत." मले सोबत न्यायचं काई कारन नव्हतं. मी पान्याचे दोन कॅन भरले, उकळली तं टाकायले, आन मागं ठेवायले गेली तं तिथं त्याची कपड्याची बॅग. मी कॅन बॅगच्या बाजूले ठेवले आन समोर जाऊन बसली.

आमगाव गेलं, सालेकसा गेलं. दोन्ही बाजूनं जंगल लागलं. ट्रालीत त्यानं मुद्दाम पोती भरली होती, वजन राहावं म्हनून. चढ लागला तशी ती शिटी सुरू झाली, टर्बोची. मी काट्याकडं पाहत होती. तोही. जिथं दोनदा उकळली होती ती जागा त्यानं बोटानं दाखवली. काटा मधात होता. पुढं गेलो. काटा मधातच. मले तेव्हा दोन्ही वाटत होतं. उकळू नये. आन उकळावी. हे कोनाले सांगायसारखं नाई, पन आता म्हातारपनी कायले लपवू.

चढ संपला. त्यानं जीप कडेले घेतली, इंजन चालूच ठेवलं, खाली उतरला. रस्त्याच्या कडेले तेंदूचंच झाड होतं. एक पान तोडलं आन जाळीच्या अगदी मधात धरून सोडलं. पान चिकटून राह्यलं.

"पाह्य माय!" एवढ्या मोठ्यानं ओरडला, का झाडावरचे पाखरं उडाले. त्या अकरा दिवसानंतर पहिल्यांदा त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं.

"दिसलं," मी म्हनलं.

"मी असाच पुढं जातो आता. इंजन चांगल्या मिजाशीत हाये."

"जा ना. बॅग तं आनलीच हाये."

तो शरमला. "तुले सांगनार होतो."

"मीही तुले सांगनारच होती," मी म्हनलं. तो हसला आन मंग त्याचे डोळे भरले.

दरेकसाच्या टेसनावर त्यानं माहं तिकीट काढलं. पॅसेंजरले वेळ होता. बाकड्यावर बसलो. फलाटावर एक कुत्रं आन एक शेंगदानेवाला, बाकी कोनी नाई.

"माय, तू नसतं सांगतलं तं मले कधीच समजलं नसतं."

"ठाऊक हाये."

"मी इथंच राह्यलो असतो."

"ठाऊक हाये ना."

"मंग सांगतलं काऊन?"

मी म्हनलं, "तू तुह्याच हातानं ते खोलायले बसला होता. ते पाहवलं नाई."

गाडी आली. त्यानं मले खिडकीजवळ बसवलं, पाया पडला आन गाडी हालायच्या पहिलेच निघाला, कारन जीप उन्हात उभी होती.

आता तो रायपूरलेच हाये. त्याची बायको तिथलीच, छत्तीसगडी बोलते. फोन येते. काय खाल्लं, तब्येत कशी हाये, दुकान चालू हाये का. मीही तेच विचारते. दोघंही त्या सोमवाराचं बोलत नाई. तो म्हनते, माय, इकडं ये. मी म्हनते, येईन. मी गेली नाई असं नाई, दोनदा गेली. त्याच्या गॅरेजात मले बसायले खुर्ची देते आन सगळे "अम्मा, चाय" म्हनते, आन मी काई करत नाई. आठ दिवसांत परत येते. भट्टी पेटवली का बरं वाटते.

त्या दिवशी घरी येताना पॅसेंजरमधी माह्यासमोर एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची टोपली.

"कुठं गेली होती मावशी?"

"पोराले पोचवायले."

"नोकरीले गेला?"

"हो. मिस्त्री झाला."

"एकलाच पोरगा का?"

"एकलाच."

ती टोपलीतल्या भेंड्या इकडच्या तिकडं करत राह्यली. सालेकसाजवळ कुठंतरी रूळाच्या बाजूनं तो रस्ता दिसला, ज्यानं आम्ही सकाळी आलो होतो. पोरगा उलट्या दिशेनं गेला होता, मले ठाऊक होतं. तरी तो रस्ता झाडाआड जायेपर्यंत मी पाहत राह्यली. रिकामा होता.